आरटीएल-एसडीआर डोंगल: संध्याकाळी गेटचा रिमोट का चालत नाही ते दाखवणारी वस्तू, वापरून लिहितेय

ज्यांच्या घरी मोटरचं सरकतं गेट आहे आणि त्यासोबत स्मार्ट स्विच, वायरलेस बेल, मोशन सेन्सर, पडद्यांच्या मोटारी असं एकेक करत बरंच काही जमा झालंय, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. वस्तू पेनड्राइव्हपेक्षा जराशी मोठी, यूएसबीत लावायचा रेडिओ रिसीव्हर, नाव आरटीएल-एसडीआर ब्लॉग व्ही-३. माझं मत आधीच सांगून टाकते, गेटवाला "बोर्ड (म्हणजे गेटच्या मोटरचं सर्किट) बदलावा लागेल" म्हणाला की त्याला हो म्हणायच्या आधी हा डोंगल विकत घ्या नाहीतर कुणाकडे असेल तर मागून आणा, आणि घरातली हवा रेडिओ लहरींनी कोणी भरून टाकलीय ते आधी बघा. बहुतेक वेळा बोर्ड ठणठणीत असतो.

आमचं घर नाशिकला, बंगला, पुढे पोर्च आणि मग गेट. दिवसा कोपऱ्यावरच्या वळणावरून रिमोट दाबला तरी गेट सरकायला लागायचं, गाडी पोचेपर्यंत पूर्ण उघडं. पण दिवेलागण झाली की गाडी गेटला टेकवून काच खाली करून हात बाहेर काढून दाबत बसायचं, कधी उघडायचं कधी नाही. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, स्कूटरवरून येतात, त्यांना पावसात उतरून हाताने क्लच सोडवून गेट ढकलावं लागलं तेव्हा मात्र मी हा विषय मनावर घेतला, कारण त्या वयात ओल्या उतारावर ते लोखंडी गेट ढकलणं धोक्याचंच आहे. ज्यांनी गेट बसवलं त्यांना फोन केला, माणूस आला, रिमोटमधला २७ए चा १२ व्होल्टचा सेल बदलला, दुपारी आला होता त्यामुळे सगळं छान चाललं, निघून गेला, संध्याकाळी परत तेच. मग म्हणाले रिसीव्हर वीक झालाय, बोर्डच नवा टाकू. दिवसा चालतं आणि रात्री नाही याचं कारण विचारलं तर उत्तर नाही. वीक झालेला रिसीव्हर दुपारी कसा काय बरा होतो?

आता हा घोळ होतो का ते थोडं सांगते, नाहीतर डोंगलचा उपयोग कळणार नाही. आपल्याकडे मिळणारे गेटचे बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात. आणि त्याच ४३३.९२ वर वायरलेस बेलचं बटन बोलतं, भिंतीला चिकटवायचे बिनवायरचे स्विच बोलतात, स्वस्तातले मोशन सेन्सर आणि दारावरचे मॅग्नेट सेन्सर बोलतात, पडद्यांच्या मोटारींचे रिमोट, छतावरच्या पंख्यांचे काही रिमोट, तापमान दाखवणाऱ्या घड्याळाचा बाहेर लावायचा सेन्सर, इतकंच काय बऱ्याच गाड्यांच्या टायरमधले हवा मोजणारे सेन्सरसुद्धा. वायफायसारखं चॅनल बदलून बाजूला व्हायची सोय यात नाही, "आधी ऐकतो, मोकळं असेल तर बोलतो" हेही नाही, जो तो बटन दाबलं की आपला कोड चार-सहा वेळा फेकून मोकळा होतो. दोन कोड एकाच वेळी आले की रिसीव्हरला दोन्ही कळत नाहीत. आणि दुसरा त्रास म्हणजे कोणी बोलत नसतानाही असलेला गोंगाट, जो एलईडीच्या ड्रायव्हरमधून (दिव्याला वीज पुरवणारा छोटा डबा), कॅमेऱ्याच्या अडॅप्टरमधून, इन्व्हर्टरमधून निघतो. आरती चालू असताना शेजारच्याला काही सांगायचं तर तोंड त्याच्या कानाशी न्यावं लागतं ना, तसंच गेटचं होतं, रिमोट पार गेटपाशी न्यावा लागतो. रिमोट कमजोर झालेला नसतो, गोंगाट वाढलेला असतो.

तर डोंगल. हा मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही बघायला बनवलेल्या स्टिकचा वंश आहे. त्यातली रियलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप टीव्हीचं सिग्नल न उलगडता कच्चं सिग्नलच कॉम्प्युटरला देऊ शकते हे २०१२ च्या सुमारास हौशी लोकांनी शोधून काढलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. व्ही-३ मध्ये धातूची बॉडी आहे, अँटेनाला एसएमए जोड आहे, आणि आतला ऑसिलेटर चांगला, १ पीपीएमचा आहे, म्हणजे स्क्रीनवर ४३३.९२ दिसतंय तर ते खरंच ४३३.९२ असतं. साधारण २४ मेगाहर्ट्झपासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि एका वेळी २.४ मेगाहर्ट्झ रुंदीची पट्टी दाखवतो, म्हणजे ४३३ ते ४३४.८ ही अख्खी पट्टी एका नजरेत मावते. फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही, त्यामुळे आणखी गोंगाट वाढवेल ही भीती नाही.

विंडोजवर लावताना झाडिग नावाच्या प्रोग्रॅमने ड्रायव्हर (इथे डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) बदलावा लागतो, ही पायरी नवीन माणसाला जरा अवघड जाते. यादीत नीट "बल्क-इन, इंटरफेस ०" असलेलं बघूनच बटन दाबा, घाईत माऊस किंवा कीबोर्ड निवडलात तर त्याचाच ड्रायव्हर बदलून बसेल. त्यानंतर एसडीआर शार्प हा सिग्नल दाखवणारा प्रोग्रॅम उघडायचा, ४३३.९२ टाकायचं, आणि खाली वॉटरफॉल दिसतो, म्हणजे हवेत जे चाललंय ते वरून खाली सरकत जाणारं चित्र. निळ्याशार पाण्यासारखा पडदा असतो, आणि गेटचा रिमोट दाबला की मधोमध पिवळ्या ठिपक्यांची एक उभी रेघ उमटते आणि खाली वाहत जाते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसतं बटन दाबून बघत बसले होते, कारण इतकी वर्षं जे आपण हातात धरून दाबतो ते प्रत्यक्ष दिसतंय ही गोष्टच भारी आहे. अण्णांनाही दाखवलं, ते म्हणाले म्हणजे रिमोट चांगला आहे तर. बरोबर, एका मिनिटात एवढं तर कळलंच. दोन रिमोट असतील तर दोन्ही सारख्या अंतरावरून दाबून बघा, ज्याची रेघ फिकी त्याचा सेल बदला, बस.

पुढचं काम संध्याकाळचं. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर ठेवायचा, हे महत्त्वाचं आहे कारण चार्जर स्वतःच गोंगाट करतो, आणि खुर्ची टाकून गेटच्या खांबाजवळ बसायचं. उजेड होता तोवर पडदा निळा. खांबावरचे दोन दिवे अंधार पडला की आपोआप लागतात, ते लागले त्या क्षणी अख्खा पडदा वरपासून फिकट झाला, तिरप्या तिरप्या धुरकट पट्ट्या आल्या, आणि वरच्या आलेखातली गोंगाटाची पातळी साधारण १५ डीबीने वर गेली. आता रिमोटची रेघ त्या धुक्यात जेमतेम दिसत होती. दिवे एमसीबीवरून बंद केले, धुकं गेलं. परत लावले, परत आलं. रात्री का चालत नाही याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. खांबाचं झाकण काढलं तर एलईडीचा ड्रायव्हर आणि गेटच्या रिसीव्हरची अँटेना म्हणून असलेली वायर एकाच डब्यात, वायर गुंडाळी करून ड्रायव्हरवरच दाबून बसवलेली. ४३३.९२ साठी पाव तरंगलांबी १७.३ सेंटिमीटर होते, म्हणून ती वायर तेवढी सरळ, मोकळी आणि लोखंडापासून लांब हवी असते, गुंडाळी केली की ती अँटेना राहतच नाही. बसवणाऱ्याने डबा बंद व्हावा म्हणून केलं असणार, पण ग्राहकाला त्यापायी नवा बोर्ड घ्यायला सांगणं मला अजिबात पटलेलं नाही.

उरलेलं अर्धं उत्तर जास्त इंटरेस्टिंग होतं आणि डोंगल नसता तर ते आम्हाला कधीच सापडलं नसतं. दिवे बंद ठेवूनसुद्धा गाडी आली की अधूनमधून गेट दाद देत नव्हतं, आणि गंमत म्हणजे घरातून खिडकीत उभं राहून दाबलं की प्रत्येक वेळी उघडत होतं. यासाठी मी आरटीएल_४३३ नावाचा प्रोग्रॅम चालवला, तो फुकट आहे, काळ्या स्क्रीनवर चालतो, आणि ४३३ वर त्याच्या ओळखीचं जे कोणी बोलेल त्याचं नाव, नंबर, वेळ अशी ओळ छापतो. गेटच्या रिमोटसमोर "मायक्रोचिप कीलॉक" असं आलं, म्हणजे आमचा रिमोट रोलिंग कोडचा आहे, दर वेळी कोड बदलणारा, हेही त्यात कळलं (चांगली गोष्ट आहे, फिक्स कोडचा असेल तर कोणीही कॉपी करू शकतो, तसा असेल तर रिमोट आणि रिसीव्हर बदला असं मी म्हणेन). मग यजमानांना गाडी घेऊन वळणावरून यायला सांगितलं आणि मी ओळी बघत बसले. गाडी गेटसमोर वळली, हेडलाइटचा झोत पोर्चवर पडला, पोर्चमधल्या मोशन सेन्सरने कोड फेकला, तो हबने (घरातल्या सगळ्या स्मार्ट वस्तू चालवणाऱ्या डब्याने) ऐकला आणि आमच्या "घरी आलो" या सीनप्रमाणे, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या क्रमाप्रमाणे, पोर्चचा दिवा, जिन्याचा दिवा, हॉलचा पडदा असे एकामागून एक कोड स्वतः फेकायला सुरुवात केली, प्रत्येक कोड अनेकदा. नेमक्या त्याच दोन-तीन सेकंदांत गाडीतला माणूस रिमोट दाबत असतो. हब पोर्चच्या भिंतीला, गेटच्या रिसीव्हरपासून जवळ, आणि गाडीतला रिमोट काचेआडून, लांबून. कोणाचा आवाज रिसीव्हरला ऐकू जाणार ते उघड आहे. घर आपल्या स्वागताला दिवे लावत होतं आणि त्याच नादात गेटच्या रिमोटचा आवाज दडपून टाकत होतं. खिडकीतून दाबताना मोशन सेन्सर उठतच नाही, म्हणून तेव्हा चालायचं.

उपाय फार खर्चाचे नाहीत. दिव्यांचे ड्रायव्हर दुसऱ्या खांबात हलवले, त्यांच्या वायरींवर फेराइटचे क्लिप लावले (क्लिपने थोडाच फरक पडला, खरा फरक अंतराने पडला), रिसीव्हरला आरजी-५८ केबलची बाहेरची अँटेना घेऊन ती खांबाच्या माथ्यावर उभी केली, आणि हबवरच्या सीनमध्ये पोर्चच्या दिव्यानंतरचे सगळे कोड थोडे उशिरा जातील असं केलं. पोर्चचा मोशन सेन्सर पुढे झिगबीचा (स्मार्ट वस्तूंची २.४ गिगाहर्ट्झवरची वेगळी रेडिओ पद्धत) घेतला म्हणजे तो ४३३ वरून उठलाच. आता रात्रीही वळणावरून गेट उघडतं. हे सगळं करणारा इलेक्ट्रिशियन आमच्या ओळखीचा मुलगा आहे, त्याने वॉटरफॉल बघितला आणि लगेच समजला, नंतर त्याने स्वतःसाठी असाच डोंगल मागवला, याचं मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने करून घेतली, ती म्हणजे पोर्चमधून गेटच्या बोर्डपर्यंत एक शील्डेड वायर. बहुतेक गेटच्या बोर्डवर "स्टार्ट" आणि "कॉमन" असे दोन टर्मिनल असतात, ते क्षणभर जोडले की गेट चालतं, त्याला रेडिओ लागत नाही. तिथे एक साधं पुश बटन आणि त्याला समांतर एक ड्राय कॉन्टॅक्टचा रिले लावलाय, फोनवरूनही उघडता येतं. ड्राय कॉन्टॅक्ट शब्द लक्षात ठेवा, म्हणजे जो स्वतः वीज देत नाही, नुसत्या दोन वायरी जोडतो, ज्या स्मार्ट रिलेच्या आऊटपुटला २३० व्होल्ट येतात तो तिथे लावला तर बोर्ड जळेल. आणि कृपा करून गेट कुठल्याही ऑटोमेशनमध्ये आपोआप बंद व्हायला लावू नका जोवर दोन्ही बाजूंचे फोटोसेल (मध्ये कोणी आलं की गेट थांबवणारे सेन्सर) चालू आहेत याची खात्री नाही. फोटोसेल बिघडला की तिथे शॉर्ट मारून "चालू करून दिलं" असं बऱ्याच ठिकाणी बघितलंय, लहान मुलं असलेल्या घरात हे भयंकर आहे.

डोंगलमध्ये न आवडलेलं काय तेही लिहिते. तापतो, बराच तापतो, धातूची बॉडी त्यासाठीही आहे पण उन्हात गेटजवळ बसलात तर हात लागला की दचकाल. पडद्याच्या बरोबर मध्यावर कधीकधी एक कायमची रेघ दिसते ती खरी नसते, डोंगलची स्वतःची असते, म्हणून फ्रिक्वेन्सी थोडी बाजूला सरकवून बघायची. खरी असेल तर रेघ तिच्याच आकड्यावर राहते, खोटी असेल तर तुमच्या मागे मागे मध्यावर येते. गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ती सेटिंग, पूर्ण वर ठेवला आणि रिमोट जवळ दाबला की एकाच्या पाच रेघा दिसायला लागतात, त्याही खोट्या, गेन कमी केला की जातात. सोबत येणारा डायपोल अँटेनाचा किट बरा आहे, पण त्यातल्या छोट्या काड्या पूर्ण ओढल्या तरी १७ सेंटिमीटर भरत नाहीत आणि मोठ्या पूर्ण मिटल्या तरी जास्तच राहतात, त्यामुळे ४३३ ला अगदी मापात बसत नाही. घराच्या आवारात ऐकायला छोट्या चालून जातात. आणि हुबेहूब अशाच दिसणाऱ्या नकली वस्तू बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे बनवणाऱ्यांच्या साइटवर दिलेल्या दुकानातूनच घ्या.

सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ याला दिसतच नाही, त्याची धाव १.७ पर्यंतच. म्हणजे वायफाय, ब्लूटूथ, झिगबी यांची भांडणं यात सापडणार नाहीत. आमच्याकडे ते प्रकरणही होतं, गेट उघडं आहे की बंद ते सांगणारा झिगबीचा सेन्सर सारखा ऑफलाइन जायचा. तिथे अंदाजाने नाही तर हिशोबाने जावं लागलं: झिगबीचं चॅनल ११ म्हणजे २४०५ मेगाहर्ट्झ, आणि वायफायचं चॅनल १ म्हणजे २४१२ च्या आसपासची रुंद पट्टी, दोघं एकमेकांच्या अंगावर. गेटचा कॅमेरा दिवसरात्र वायफायवर व्हिडिओ पाठवतो, मग सेन्सरला बोलायला जागा कुठून मिळणार. झिगबी २५ वर नेलं, जे वायफायच्या १, ६, ११ तिन्हींच्या बाहेर पडतं, आणि झिगबीची स्टिक कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ पोर्टमधून काढून एक्स्टेन्शन केबलने लांब ठेवली, कारण यूएसबी ३ स्वतःच २.४ च्या आसपास गोंगाट करतं. चॅनल बदलल्यावर काही सेन्सर परत जोडावे लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच करा. २६ वर नेऊ नका, काही उपकरणं तिथे नीट चालत नाहीत.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून वस्तू मागवणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगायचंय, कारण आमच्या नात्यात हे चाललंय. न्यू जर्सीहून येताना चुलत दीर झेड-वेव्हचे (झिगबीसारखीच स्मार्ट वस्तूंची आणखी एक रेडिओ पद्धत) स्विच आणणार होते, तिकडे स्वस्त मिळतात म्हणून. तिकडचं झेड-वेव्ह ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालतं, आणि आपल्याकडे ८९० ते ९१५ ही पट्टी मोबाइलवाल्यांची आहे, फोन टॉवरशी बोलतात ती. भारतासाठी झेड-वेव्ह ८६५.२ वर आहे, आणि स्विच त्या त्या देशासाठी बनवलेले असतात, सहसा सेटिंग बदलून होत नाही. आपल्या घरात चालेलही कदाचित, पण टॉवरच्या कामात अडथळा आणणारी वस्तू भिंतीत बसवायची का? आम्ही त्यांना नको म्हणून कळवलं. तिकडचे गेटचे रिमोट आणि रिसीव्हरही बऱ्याचदा ३१५ किंवा ३९० वर असतात, ते इकडच्या बोर्डशी बोलणारच नाहीत.

कोणी घ्यावा? घरात ४३३ च्या पाच-सहा वस्तू आहेत, किंवा तुम्ही स्वतः इलेक्ट्रिशियन, सीसीटीव्हीवाले, गेट बसवणारे आहात तर डोळे झाकून घ्या, एक नको असलेला बोर्ड टळला तरी पुरे. सोसायटीत एकाने घेतला तरी सगळ्यांना पुरेल. नुसतं गेट आहे आणि दुसरं काही वायरलेस नाही, तर आधी फुकटातली चाचणी करा: गेटच्या बोर्डला बॅकअप बॅटरी असेल तर घराचा मेन बंद करून गेट बॅटरीवर ठेवा आणि रिमोट किती लांबून चालतो बघा. अंतर एकदम वाढलं तर गोंगाट घरातच आहे, सगळे एमसीबी खाली करून मेन चालू करा, मग एकेक एमसीबी वर करत जा, जिथे अंतर परत कमी होईल ती लाइन धरा. अंतर तसंच राहिलं तर अँटेनाची वायर बघा. आणि रिमोट लांबून खूपदा दाबला म्हणून "कोड पुढे गेला, रिमोट परत शिकवावा लागेल" असं कोणी म्हणालं तर घाई करू नका, कीलॉकचा रिसीव्हर पुढचे १६ कोड तसेच स्वीकारतो आणि त्याहून पुढे गेला असेल तर जवळ जाऊन लागोपाठ दोनदा दाबलं की सहसा जुळवून घेतो. त्याऐवजी बोर्डवरचं लर्न बटन (नवा रिमोट शिकवायचं) कोणी बराच वेळ दाबून धरलं तर बऱ्याच बोर्डांत घरातले सगळेच रिमोट पुसले जातात आणि मग ड्रायव्हरकडचा, कामवाल्या मावशींकडचा, सगळ्यांचे गोळा करून परत शिकवत बसावं लागतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण झाडिगच्या त्या पायरीमुळे कापला, तिथे बऱ्याच लोकांचा उत्साह संपतो. कोणाला बसवताना अडलं तर खाली विचारा, स्क्रीनशॉट टाका, मी आणि आमचा इलेक्ट्रिशियन मिळून उत्तर देऊ.